चंद्राबाईने बाळूचं ताट का बंद केलं? (कादंबरी, पात्रं आणि उधारी)

ताणाबाणा | शनिवार, रात्री ९:०५

पुस्तक-परिचयाच्या धाग्यावर माझ्या कादंबरीबद्दल इतके प्रश्न जमले की तिथेच उत्तरं देत बसले असते तर परिचय लिहिणाऱ्याचा धागा मी पळवला असं झालं असतं. म्हणून हा वेगळा काढला. पुस्तकाचं नाव इथे देत नाही. जाहिरातीचा नियम आहे आणि तो योग्यच आहे.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काळ १९८१ ते ८३. जागा काळाचौकीच्या एका चाळीतली दहा बाय बाराची खोली. चंद्राबाई मूळची देवरुखकडची, चौदा गिरणी कामगारांची खाणावळ चालवते. नवरा जिवंत आहे, पण गिरणीच्या कापसाने छाती गेलेली, तो कॉटवर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू होतो, मुंबईतले अडीच लाख कामगार घरी बसतात. संपाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या खोलीचं काय झालं ते मी लिहिलंय.

निम्मे प्रश्न एकाच प्रकरणावर आहेत. संपाच्या सातव्या महिन्यात चंद्राबाई बाळूचं जेवण तोडते. बाळू सगळ्यांत लहान, बदली कामगार, तिच्याच तालुक्यातला. एवढी माया करणारी बाई असं कसं करेल, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. एकीने लिहिलंय की तिथे पुस्तक मिटलं ते परत उघडलं नाही.

आधी कादंबरी कुठून आली ते सांगते, उत्तर त्यातच आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी परळ भागातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले. डीआरआय, म्हणजे गरिबांना कमी व्याजाने कर्ज देण्याच्या योजनेत चार टक्क्यांनी लहान कर्जं द्यायची असत. खाणावळवाल्या बायका घोळक्याने येत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, या बायकांना बँकेची पायरी चढायची सवय लागली ती बरीचशी त्यामुळे. त्याआधी वाण्याची उधारी, आणि फारच नडलं तर डोरलं पेढीवर. उधारीच्या गिऱ्हाइकाला वाणी तांदूळ निवडू देत नाही. तो देईल तो, तो म्हणेल त्या भावाने. रोखीने घेणारीला तोच तांदूळ स्वस्त. म्हणजे जी गरीब तिलाच महाग.

अर्जात महिन्याचा खर्च लिहायचा असे. बाई काउंटरला टेकून बोटांच्या पेरांवर मोजत जायची: इतके मेंबर (म्हणजे जेवणारी गिऱ्हाइकं), दोन वेळा, माणशी इतक्या भाकऱ्या, घासलेट इतकं, रविवारचं मटण, कुणी गावी गेला तर त्याचा खाडा. पैचा फरक नसायचा. मग मी विचारायचे, तुमची मजुरी किती धरू? त्यावर ती हसायची, किंवा मागच्या बाईकडे बघायची. तो रकाना कोराच पुढे जायचा.

चंद्राबाई त्या कोऱ्या रकान्यातून आली. कुणा एकीवर बेतलेली नाही.

मला पात्राचा चेहरा आधी दिसत नाही. त्याच्याकडे पैसे किती, देणं कुणाचं, पगार कुठल्या तारखेला, हे आधी कळावं लागतं. मग तो माणूस कसा बसेल, कसा बोलेल, कुठे गप्प राहील ते कळत जातं. बाळूचंही असंच झालं. कायम कामगाराचा फंड असतो, ग्रॅच्युइटी असते, आज ना उद्या हातात काहीतरी पडेल आणि उधारी फिटेल. बदलीवाल्याचं काय? तो रोज पाळीच्या वेळी गेटवर उभा राहणार, कुणी गैरहजर असेल तर आत जाणार, नाहीतर परत. संप मिटला तरी त्याला कामावर घेतील याची खात्री नाही. चौदा जणांची उधारी चालवणं अशक्य झाल्यावर ती कुणाचं नाव आधी काढेल? बदलींना कायम करा ही संपातली एक मागणी होती. ज्याच्यासाठी भांडायचं त्याचंच ताट पहिलं जातं.

प्रश्न येऊ द्या. रोज रात्री बसेन.

तिसरी_पाळी | शनिवार, रात्री ९:४०

वडील साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते, डिलाईल रोडला. तुमचा साचेवाला मेंबर शिवराम वाचताना दोनदा पुस्तक बाजूला ठेवलं. तो खोलीत सगळ्यांशी ओरडूनच बोलतो ना, तसेच आमचे बाबा. शेजारी समजायचे भांडण चाललंय. साच्यांच्या आवाजात आयुष्य गेल्यावर हळू बोलणं उरतच नाही. गिरणीत मात्र म्हणे नुसत्या ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून एकमेकांचं कळायचं.

आणि चंद्राबाईच्या नवऱ्याची छाती सोमवारी जास्त भरते, हे तुम्ही कुठून आणलंत? हे बाहेरच्याला ठाऊक नसतं.

ताणाबाणा | शनिवार, रात्री १०:०२

@तिसरी_पाळी, ते आजाराचंच लक्षण आहे. कापसाच्या धुळीने होतो तो, बिसिनोसिस. रविवारची सुट्टी झाली की सोमवारी परत खात्यात शिरल्यावर छाती आवळते आणि आठवडा सरेल तसा थोडा आराम पडतो, निदान सुरुवातीच्या वर्षांत. डॉक्टर मंडळींच्या लिखाणात मिळालं. पण त्याचा उपयोग कसा करायचा हे सुचायला वेळ गेला. शेवटी असं केलं: संप सुरू झाल्यावर नवऱ्याला सोमवारी दम लागत नाही, आणि चंद्राबाईला आधी वाटतं की हा बरा होतोय. तो तर संपाआधीच घरी बसलेला, त्यामुळे डॉक्टरी हिशेबाने ते खरं नाही. मात्र आख्खी चाळ धुळीबाहेर आलेली असल्यामुळे भिंतीपलीकडचे खोकले थांबलेत, आणि तिचा कान फसतो.

देवरुखी | शनिवार, रात्री १०:१५

कादंबरी आवडली हे आधी सांगतो म्हणजे पुढचं गोड मानून घ्याल :)

मी त्याच पट्ट्यातला. चंद्राबाईची भाषा मला खटकली. संगमेश्वरी बाई 'न्हाय', 'व्हतं', 'कशापायी' असं बोलेल का? मधूनच ती पाटण-कराडची वाटायला लागते. बाळूची बोली मात्र झकास जमलीय.

सातारकर_नाना | शनिवार, रात्री १०:२१

अहो देवरुखी, चौदातले नऊ मेंबर आमच्याकडचे आहेत, बाईवर संस्कार होणारच की. :D

ताणाबाणा | शनिवार, रात्री १०:४४

नानांनी माझं उत्तर चोरलं. वीसेक वर्षं रोज दोन वेळा घाटावरच्या माणसांना वाढणारी बाई. शिवाय तिचं पोट त्यांच्यावर. गिऱ्हाइकाची भाषा बोलायला लागणं हे धंद्यात सगळ्यांचंच होतं. मी एक नियम पाळलाय, देवरुखी, परत चाळून बघा: ती रागावली, किंवा गावचं माणूस दारात आलं, की ती पूर्ण तिकडची होते. मेंबरांशी, वाण्याशी, मुकादमाशी ती सरमिसळ बोलते. बाळू आल्यापासून तिची भाषा परत कोकणाकडे सरकायला लागते. ताट बंद करते त्या प्रसंगात ती बाळूशी घाटी बोलते. तेवढं एकच वाक्य.

देवरुखी | शनिवार, रात्री १०:५८

हे लक्षात आलं नव्हतं. आता ते प्रकरण परत वाचावं लागणार.

मुगाची_खिचडी | रविवार, सकाळी ७:३०

पुस्तक मिटून ठेवणारी मीच ती.

ताई, तुमचा हिशेब मला कळला. पटला नाही. माझी आजी गिरणगावातली नव्हती, पण वाढणारी होती. उपाशी पोराला समोर बसवून इतरांना वाढणं ही गोष्ट कुठलीही बाई करू शकत नाही असं मला वाटतं. ती अर्धी भाकरी देईल, स्वतःची देईल, भांडेल, रडेल. तुम्ही वास्तवाच्या नावाखाली तिला दगड केलंत. आणि ते वाक्यही किती कोरडं! इथे टाकता का तो प्रसंग? ज्यांनी वाचला नाही त्यांनाही ठरवू दे.

ताणाबाणा | रविवार, सकाळी ९:१०

टाकते.

*बाळू नेहमीप्रमाणे दाराशी बसला. चंद्राबाईने ताटं मांडली. त्याच्या पुढची फरशी मोकळी राहिली. शिवराम मोठ्याने म्हणाला, "बाळ्याचं ऱ्हायलं की वं." ती परातीच्या कडेचं पीठ खरवडून गोळा करत होती. "पीठ मोजून हाय," ती म्हणाली. मग कुणी काही बोललं नाही. आमटी ओरपल्याचे आवाज येत राहिले. बाळूने तांब्या उचलला, पाणी प्यायला, तांब्या होता तिथे ठेवला. चपला घालताना म्हणाला, "उंद्या गावची गाडी हाय, जातंय मी." दुसऱ्या दिवशी गावची गाडी नव्हती, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं.*

खिचडीताई, तुमचा राग मला मान्य आहे, तो यावा म्हणूनच लिहिलंय. पण 'कुठलीही बाई' या शब्दांशी माझं भांडण आहे. खाणावळवालीला आपण चटकन अन्नपूर्णा म्हणतो आणि मोकळे होतो. देवीला मजुरी द्यावी लागत नाही, वाण्याचा तगादा देवीला नसतो. बँकेतला तो रकाना कोरा राहायचा त्याचं कारणही हेच. मला ती मूर्ती नको होती. मला अशी बाई हवी होती जी चूक करेल, आणि ती चूक का केली हे तिला आकड्यांत सांगता येईल, आणि तरीही ती चूकच राहील. ती स्वतःची भाकरी का देत नाही असं विचाराल, तर त्या महिन्यात ती रात्रीची जेवतच नाहीये. दोन प्रकरणं आधी एका ओळीत येऊन गेलंय. मुद्दाम ठळक केलं नाही.

सातारकर_नाना | रविवार, सकाळी ९:३५

माझं मत वेगळं. त्या प्रसंगात बाई गुन्हेगार नाहीच. तेरा बाप्ये ताटावर बसलेत, एकानेही भाकरी मोडून पुढे केली नाही. 'ऱ्हायलं की वं' म्हणून शिवराम मोकळा. गावाकडच्या पंगतीत असं झालं असतं तर म्हातारीकोतारी उठली असती. हे सगळे युनियनवाले, मोर्चाला एकजूट, आणि इथे मान खाली.

मुगाची_खिचडी | रविवार, सकाळी ९:५०

नाना, हे मात्र बरोबर बोललात. माझा राग चुकीच्या माणसावर निघाला असेल. तरी बाईला सोडत नाही मी.

ताणाबाणा | रविवार, सकाळी १०:०५

नाना, शिवरामला ते पुढे शेवटपर्यंत पुरलंय. तो भिवंडीला पॉवरलूमवर जातो तिथल्या प्रकरणात बघा, डबा उघडला की तो आधी आजूबाजूला बसलेल्यांना विचारतो. संपात भिवंडीला जाणं सोपं नव्हतं. मुंबईचं कापड बंद, मागणी तिकडे वळलेली, काम भरपूर, पण मजुरी गिरणीच्या मानाने किरकोळ, बारा-बारा तास, ना फंड ना रजा. ज्याने साच्यावर उभं राहून कायम नोकरीचा ताठा मिरवला त्याला तेच काम तिथे रोजंदारीने करायचं. शिवराम तिथे हळू बोलायला शिकतो. एवढंच त्याचं शेवटचं चित्र ठेवलंय.

भारतमाताचा_डोअरकीपर | रविवार, दुपारी १२:२०

प्रश्न: संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत कादंबरीत एकदाही दिसत कसे नाहीत? संपावरची कादंबरी आणि डॉक्टर नाहीत म्हणजे... त्यांना मोठं करायचं नव्हतं की छोटं?

रोखठोक७७ | रविवार, दुपारी १२:३१

कारण लेखिकाबाईंना भूमिका घ्यायची नाही. त्या माणसाने अडीच लाख घरं रस्त्यावर आणली हे लिहायला हिंमत लागते.

काळाचौकी | रविवार, दुपारी १२:४०

रोखठोक, घरं कुणी रस्त्यावर आणली ते गिरण्यांच्या जमिनींवर आज काय उभं आहे ते बघून ठरवा. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही मान्यताप्राप्त युनियन सोडून दुसऱ्या कुणाशी बोलणी करायला कायदाच आड येत होता, १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स (बीआयआर) कायदा. अडीच लाख लोक एका माणसामागे आणि कायद्याच्या लेखी तो कुणीच नाही. मग मिटणार कसा संप? तो आजतागायत कुणी अधिकृतपणे मागे घेतलेलाच नाही.

रोखठोक७७ | रविवार, दुपारी १२:४८

हेच. मागे घ्यायलाही कुणी उरलं नाही.

संपादक | रविवार, दुपारी १:१५

राजकीय चर्चेसाठी वेगळा धागा काढावा. इथे कादंबरीबद्दल बोलू या.

ताणाबाणा | रविवार, रात्री ९:००

डोअरकीपर, चंद्राबाई सभेला जात नाही. तिची खोली सभेच्या वेळी रिकामी असते, तेव्हाच ती धान्य निवडते. डॉक्टर तिला ऐकू येतात: लाउडस्पीकरवरून तुटक शब्द, आणि मग परत आलेल्या मेंबरांची चढलेली बोली. सामंतांना मी खोलीत आणलं असतं तर सगळी खोली त्यांच्याकडे तोंड करून बसली असती. मला तिच्याकडे तोंड करायचं होतं.

रोखठोक, भूमिका नाही असं नाही. बाईला सामंतांवर विश्वास आहे, राग मेंबरांवर आहे आणि भीती वाण्याची आहे. मला या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या वाटतात. १८ ऑगस्ट १९८२ चं प्रकरण वाचलंत का? पोलिसांनीच बंड केलं तो दिवस. कामगार रस्त्यावर उतरले, मेंबर ओरडत जिना उतरतात, की आता पोलीसही आपल्या बाजूने. चंद्राबाई खाली जाऊन बघते तर वाण्याचं दुकान बंद. घासलेट आणायचं राहिलंय. तिच्यासाठी त्या दिवसाचा अर्थ एवढाच निघतो. तुम्हाला ही पळवाट वाटेल. मला हीच भूमिका वाटते.

नायगाव_बीडीडी | रविवार, रात्री ९:५५

दोन दिवस नुसता वाचतोय. आता लिहितो.

माझे आजोबा रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत, कारण धोट्यात (मागावर आडवं सूत नेतो तो) सुताची नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढून घ्यायचं. उष्टं. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला तेव्हा कुठे पुढाऱ्यांनी मागण्यांत घेतला, तोही नाइलाजाने. गिरणीतली एकजूट म्हणून जी गाणी गातात त्यांत हे नसतं. तुम्ही घातलंत, शिवरामच्या तोंडून सहज येतं, त्याबद्दल आभार.

पण गौतम. त्याचं ताट ती वेगळं ठेवते, वरच्या फळीवर, कडेला चरा पाडलेलं. ठीक. १९८२ मध्ये असं होतं, मी पाहिलंय. मग एका रात्री शिवरामचा चुलतभाऊ येतो, ताटं कमी पडतात, ती ते चऱ्याचं ताट त्याला वाढते. कुणाच्या लक्षात येत नाही. फक्त गौतम बघतो आणि गप्प राहतो. का? जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत झालेली दंगल बघितलेला माणूस आहे तो, तुम्हीच लिहिलंय. दलित पँथरच्या सभांना गेलेला. तो गप्प बसेल? मला तर वाटलं तुम्हाला एक गोड प्रसंग हवा होता, ताट फिरलं, भेद मिटला, टाळ्या.

ताणाबाणा | रविवार, रात्री ११:१०

हा प्रश्न येईल याची वाट बघत होते. घाईने लिहित नाही.

भेद मिटलेला नाही. पुढच्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर ते ताट घासून परत वरच्या फळीवर गेलेलं आहे. चंद्राबाईला आदल्या रात्री काय झालं हे कळलेलं आहे, आणि तिने चरा हाताने चाचपून मगच ते वर ठेवलंय.

गौतम मेंबर झाला तोही तिच्या मोठेपणामुळे नाही. संपात बायका-मुलं गावी पाठवून पुष्कळ जण खोल्यांत एकटे राहिले, तो त्यांतला एक. पण तो रंगकाम करून रोख पैसे आणतो. बाकीचे सगळे उधारीवर. तिला वाण्याला देण्यापुरती रोकड फक्त त्याच्याकडून मिळते. म्हणजे बाळू तिच्या गावाकडचा, जातीचा, त्याचं ताट बंद होतं आणि गौतमचं सुरू होतं. दोन्ही एकाच वहीतल्या आकड्यांमुळे. यातून समतेचा निष्कर्ष निघत नाही, निघू नये.

तो गप्प का, याचं माझं उत्तर: ज्या माणसाने मोर्चात आवाज दिलाय तो जेवणाच्या वेळी दर वेळेस आवाज देतो असं नाही. त्या रात्री त्याला गंमत वाटते. तो चुलतभाऊ खाताना तो बघत राहतो, मुद्दाम जास्त भाकरी घेतो, पंगत लांबवतो. त्याला माहीत आहे आणि समोरच्याला माहीत नाही, एवढी सत्ता त्याला त्या खोलीत पहिल्यांदाच मिळालीय. तो बोलला असता तर ती गेली असती.

नायगाव_बीडीडी | सोमवार, रात्री १२:०५

गंमत वाटते हे वाचताना पोचलं नाही. मला तो अपमान गिळतोय असं दिसलं. आता तुम्ही सांगितल्यावर दिसतं, पण लेखकाने धाग्यावर येऊन सांगावं लागतंय म्हणजे पानावर कमी पडलंय. आणि दुसरं, ती 'सत्ता' आपल्यासारख्या वाचकाला कळली, खोलीतल्या कुणाला नाही. मग गौतमच्या हातात काय आलं?

ताणाबाणा | सोमवार, सकाळी ८:४५

त्याच्या हातात काहीच आलं नाही. बाकी, पानावर पोचलं की नाही हे तुम्ही ठरवायचं, मी वाद घालणार नाही. गौतमच्या डोक्यात मी शिरतच नाही, कादंबरीभर नाही. तो फक्त बाहेरून दिसतो, काय करतो, काय घेतो, कुठे बसतो. माझ्या घरात चऱ्याचं ताट फळीवर ठेवणारी माणसं होती, त्या बाजूची मी. त्याच्या मनातलं 'मी'ने लिहिणं मला बरं वाटलं नाही. ते तुमच्यापैकी कुणीतरी लिहावं, आणि लिहाल तेव्हा चंद्राबाई खूप वेगळी दिसेल.

नायगाव_बीडीडी | सोमवार, सकाळी ९:२०

लिहीन की. वाचाल ना? :)

ताणाबाणा | सोमवार, सकाळी ९:२२

पहिली वाचक मी. लेखणी परजून बसते.

न्यूजर्सीची_मावशी | सोमवार, सायंकाळी ६:४०

किती सुंदर धागा! +१ सगळ्यांना. ताई, थोडं लेखनप्रक्रियेबद्दल सांगा ना. कधी लिहिता, हाताने की संगणकावर, आराखडा आधी करता का? माझ्याही डोक्यात एक कादंबरी घोळतेय बरीच वर्षं.

ताणाबाणा | सोमवार, रात्री ९:१५

मावशी, हाताने. पाठकोऱ्या कागदांवर, बँकेतली सवय.

आराखडा करत नाही, पण वही करते. खरोखरची उधारीची वही. चौदा पानं, प्रत्येक मेंबराचं एक. जमा, बाकी, खाडे, कुणी गावाहून तांदूळ आणला तर तो वळता केला. संपात गावांकडून धान्य येत होतं, ते कोणाच्या वाट्याला किती आलं तेही त्यात. प्रसंग लिहिण्याआधी त्या तारखेपर्यंतची वही पुरी करायची असा दंडक होता. बाळूचं प्रकरण मी ठरवलेलं नव्हतं. ऑगस्टचं पान बांधताना दिसलं की हे आता चालत नाही, कुणीतरी जाणार. शिवराम जावा असं मला वाटत होतं, खरं सांगायचं तर. तो मला आवडत नव्हता तेव्हा. वहीने बाळू काढला.

बाकी तपशिलासाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जुनी वर्तमानपत्रं वाचली. संपाच्या बातम्या कमी वाचल्या, छोट्या जाहिराती, रेशनच्या सूचना, पाऊस आणि सिनेमाच्या वेळा जास्त. बातमीत सगळे नेते असतात. घासलेट कुठल्या दुकानात कधी येणार हे तळाशी बारीक अक्षरात. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन जे काम केलंय ते तर या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने वाचायलाच हवं. मी ते वाचून झाल्यावर बरेच दिवस बाजूला ठेवलं, नाहीतर त्यांतलीच माणसं माझ्या खोलीत येऊन बसली असती.

तुमच्या डोक्यातली कादंबरी कशाबद्दल आहे? त्यातल्या मुख्य बाईच्या पर्समध्ये किती पैसे आहेत, सांगता येईल का?

न्यूजर्सीची_मावशी | सोमवार, रात्री ९:५०

अगं बाई. नाही सांगता येत. विचार करते.

चष्म्याचा_नंबर | मंगळवार, दुपारी ३:३०

एक बारीक शंका. संपाच्या काळात खाणावळवाल्या बाईकडे गॅस नसेल हे कबूल, पण चौदा माणसांच्या भाकऱ्या स्टोव्हवर? शेगडी हवी होती. लाकडाच्या वखारी होत्या की तेव्हा.

काळाचौकी | मंगळवार, दुपारी ४:०५

वरच्या मजल्यावर दहा बाय बारात लाकूड पेटवून बघा, चाळ बाहेर काढेल. आमच्या शेजारी भोरकडच्या काकू होत्या, दोन स्टोव्ह. एकावर तवा कायम. वाती बदलायला आणि पिन मारायला आम्हा पोरांना बोलवायच्या, बदल्यात पापड.

ताणाबाणा | मंगळवार, रात्री ८:५०

दोन्ही होतं. खालच्या मजल्यावर, पडवी असेल तिथे भुशाची किंवा कोळशाची शेगडी. चंद्राबाई दुसऱ्या मजल्यावर आहे, म्हणून स्टोव्ह. म्हणूनच घासलेटची रांग कादंबरीत इतकी वेळा येते. तिला शेगडी दिली असती तर अर्धी कादंबरी बदलली असती, ती रांगेत उभी राहिली नसती आणि तिथे भेटणारी कांडीखात्यातली (कांड्यांवर सूत गुंडाळणारी) बाईही तिला भेटली नसती.

तिसरी_पाळी | मंगळवार, रात्री ९:१०

तीच विचारायची होती! ती रांगेतली बाई, नाव नाही दिलंत तिला, तीन-चारदा येते आणि गायब. मला चंद्राबाईपेक्षा ती जास्त लक्षात राहिली. पुढच्या पुस्तकात आहे का?

ताणाबाणा | मंगळवार, रात्री ९:३०

आहे. तिच्यावरच चाललंय.

१९३० च्या आसपास मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचवा हिस्सा बायका होत्या, बहुतेक रिळं आणि कांडीखात्यात. संपापर्यंत शेकड्याला मोजक्याच उरल्या. रात्रपाळीला बायकांना बंदी, बाळंतपणाची रजा द्यावी लागते म्हणून मालक नाखूष, नवी यंत्रं आली की आधी त्यांचं खातं आटायचं. आणि युनियनमधल्या पुरुषांनीही फार आरडाओरडा केला नाही, कारण बाईची जागा गेली तर पुरुषाची वाचते असा हिशेब. तर ही बाई उरलेल्यांतली. तिने काम सुरू केलं तेव्हा खात्यात किती जणी होत्या आणि १९८२ मध्ये किती, हे तिला नावानिशी पाठ आहे. या वेळी वही हजेरीची आहे.

अडलंय ते एका गोष्टीवर. कांडीखात्यातल्या कामाचं हाताशी असलेलं वर्णन मला पुरत नाही. हात कुठे, डोळे कुठे, सूत तुटलं की गाठ कशी मारायची, गाठ मारताना बोटाला काय होतं, पाळणाघर असेल तर पाजायला किती वेळ सुटता यायचं. पुरुषांच्या कामाबद्दल ढीगभर मिळतं. इथल्या कुणाच्या घरात कांडी किंवा रीळखात्यात काम केलेली आजी, मावशी असेल तर कळवा. नाव कुठे येणार नाही.

काळाचौकी | मंगळवार, रात्री ९:४८

माझी आत्या. वय खूप आहे पण डोकं शाबूत. सकाळी बोलते, दुपारनंतर दमते. गाठ मारून दाखवायला सांगा, अजून डोळे मिटून मारते. बाकी बोलायला लागली की थांबणार नाही, आणि युनियनच्या पुरुषांबद्दल जे म्हणेल ते संपादकांना चालणार नाही.

संपादक | मंगळवार, रात्री ९:५५

आत्यांना चालेल ते सगळं आम्हाला चालेल.

ताणाबाणा | मंगळवार, रात्री ९:५७

काळाचौकी, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवारी सकाळी चालेल का विचारा त्यांना. मी सूत घेऊन येते.